‘मेल गेलाय सर, स्पॅम बघा’

आता कोणी मला "स्पॅम फोल्डर बघितलं का" विचारलं ना तर खरंच फोन फेकून मारीन. बघितलं. प्रमोशन्स बघितलं, ट्रॅश बघितलं, ऑल मेल बघितलं. लॉगिनचा ओटीपी नाहीये आणि येणारही नाहीये.

व्हेंडरने शनिवारी आमचं पोर्टल नव्या सर्व्हरवर हलवलं आणि सोमवारी अ‍ॅडमिनच, म्हणजे मीच, बाहेर. बाकी सगळ्यांना ओटीपी येतोय, जीमेलवाल्या कस्टमरला येतोय, अजून याहू वापरणाऱ्या काकांनाही येतोय, फक्त आमच्या स्वतःच्या डोमेनवर येत नाही, आणि अ‍ॅडमिनचा आयडी अर्थातच त्याच डोमेनचा. एवढं ऐकल्यावर पोस्टफिक्सची, म्हणजे सर्व्हरवरून मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरची, कॉन्फिग उघडून मायडेस्टिनेशनची ओळ (कुठल्या डोमेनचा मेल स्वतःकडेच ठेवायचा ती) बघायला किती वेळ लागतो हो? कोणीतरी तिथे आमचं डोमेन टाकून ठेवलंय, दुसरं काय असणार. तर सपोर्टचा पोरगा म्हणतो, "सर, लॉगमध्ये स्टेटस सेंट दिसतंय." अरे बाबा, पुढचा कंस वाच ना! डिलिव्हर्ड टू मेलबॉक्स. कुठल्या मेलबॉक्सला? तुझ्याच सर्व्हरवरच्या! आमचा मेल गूगलवर, एमएक्स (डोमेनचा मेल कुठे पोचवायचा ती नोंद) तिकडचा, पण ह्या सर्व्हरला वाटतंय हे डोमेन म्हणजे मीच, एमएक्स बघायची गरजच काय. त्यात तिथे अ‍ॅडमिन नावाचा युजरही आहे, म्हणजे बाउन्स होऊन तरी कळावं, तेही नाही. पोस्टमनने पत्र स्वतःच्याच खिशात घालून पोच लिहावी तसं. आणि वर "तुमच्या बाजूने एकदा चेक करा सर". काय चेक करू, हवा?

कळस पुढेच. "कॉन्फिग चेंज फोनवर होत नाही, अ‍ॅडमिन पॅनलमधून तिकीट टाका." अ‍ॅडमिन पॅनलमधून!!

तेव्हा मी नळस्टॉपच्या आमच्या ऑफिसच्या गॅलरीत गेलो आणि वरून मेट्रो, खाली हॉर्न, तरी त्या सगळ्यावर माझा आवाज चढला म्हणे. अकाउंट्सच्या काकू पाणी घेऊन आल्या आणि हळूच विचारलं, बीपीची गोळी घेतली का. चौतीस वय आहे माझं. वॉचमन संध्याकाळी म्हणाला, साहेब, घरी सगळं ठीक ना. ठीक आहे रे बाबा, लाज तेवढी गेली.

पण ह्याच लोकांनी मागे पोर्ट २५ वरून मेल पाठवायचा हट्ट धरला होता, क्लाउडवाले ते बंद ठेवतात, ५८७ घ्या म्हणून घसा कोरडा केला. त्याआधी एसपीएफचे, म्हणजे आमच्या नावाने मेल कुठून पाठवायचा त्या यादीचे, दोन रेकॉर्ड. एकच असायला लागतो, दोन झाले की पर्मएरर, म्हणजे तपासणीच फेल, हे पण मीच सांगायचं, आणि बिल मात्र त्यांनी लावायचं. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदला हेही त्यांचंच खूळ, अमेरिकेच्या निस्टने, म्हणजे तिकडच्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ मध्येच सांगितलंय की उगाच बदलायला लावू नका. आणि नोरिप्लायवरून मेल पाठवून खाली "काही शंका असल्यास कळवा" लिहिणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

शेवटी त्यांचा एक सीनियर आला लाईनवर. एका ओळीतून डोमेन काढलं, रीलोड मारला, ओटीपी हजर. जुने सगळे तिथेच, त्यांच्या सर्व्हरच्या व्हार-मेल फोल्डरमध्ये पडून होते, एक्स्पायर होऊन. लॉगिन झालो, बघतो तर त्याने स्वतःच तिकीट उघडून बंदही केलंय, कारण लिहिलंय, "इशू अ‍ॅट क्लायंट एंड".

क्लायंट एंड!! रीओपन केलंय मी ते, लॉगचा स्क्रीनशॉट लावून, कंसाला लाल गोल करून.