कोकमाने तांब्याची कळशी लखलखते, डोळ्याचा पडदा नाही

हर्णैला बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं छोटं मेडिकल आहे. गेल्या पंधरा दिवसांत चार गिऱ्हाइकं तोच एक व्हॉट्सअप फॉरवर्ड दाखवून गेली, त्यातला एक तर आमच्याच घरातला. मेसेज थोडक्यात असा: डोळ्याचा पडदा खराब होण्याचं एकमेव खरं कारण ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे पडद्याला गंज चढतो, डॉक्टर हे लपवतात कारण त्यांना इंजेक्शनं विकायची असतात, तेव्हा इंजेक्शन घेऊ नका. तर रोज दोन ग्लास कोकम सरबत आणि सोबत अँटीऑक्सिडंटची, म्हणजे हा गंज रोखणारी, कॅप्सूल, 3 महिन्यांत नजर परत, मोतीबिंदूपण विरघळतो, आणि सगळं नैसर्गिक म्हणून जास्त घेतलं तरी चालतं, साइड इफेक्ट शून्य. पुरावा काय, तर कोकमाने तांब्याचं भांडं कसं लखलखतं बघा!

आता मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेला माणूस आहे, पण यातला एकेक मुद्दा घेऊन बोलायलाच हवं.

लपवण्याचं आधी. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ही थाप नाही, खरी गोष्ट आहे आणि ती डोळ्यांच्या पुस्तकात छापलेली आहे. वजनाच्या मानाने बघितलं तर शरीरात सगळ्यात जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या भागांत पडदा येतो, त्यात दिवसभर उजेड पडतोय, आणि उजेड टिपणाऱ्या पेशींच्या टोकाला डीएचए नावाची चरबी भरलेली, जी फार पटकन खवट होते. उघड्या बरणीतलं तेल जसं खवट होतं ना, तसंच. मग या पेशी रोज आपल्या टोकाचा साधारण दहावा भाग टाकून देतात आणि पडद्यामागचा एक थर तो कचरा गिळतो. वय झालं की त्या थराला कचरा पचेनासा होतो, साठायला लागतो, आणि त्याच्याखाली पिवळट ठिपके धरतात, त्याला ड्रुसेन म्हणतात. इथपर्यंत फॉरवर्डवाला बरोबर. पण "एकमेव कारण" हे कुठून आणलं? वयोमानाने मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, झिजते त्या आजारात, म्हणजे एएमडीत, शरीराच्या प्रतिकारशक्तीतल्या एका जीनचा मोठा हात आहे हे 2005 सालीच कळलंय, वय आहे, विडी-सिगारेट आहे. गंज हा त्यातला एक धागा.

तांब्याच्या भांड्याचं मला हसूच आलं. आमची आई दर सणाला चिंचेने कळशी घासायची, चिंच नसली की कोकम, दोन्हीने निघते, लिंबानेपण निघते. ते काम आम्लाचं असतं, भांड्यावरचा काळा थर आम्लात विरघळतो एवढंच, अँटीऑक्सिडंटचा तिथे काय संबंध? कोकमाच्या सालीत गार्सिनॉल नावाचं द्रव्य असतं आणि प्रयोगशाळेतल्या बशीत ते अँटीऑक्सिडंट म्हणून काम करतं हे खरं, पण बशीतून पोटात, पोटातून रक्तात आणि रक्तातून डोळ्यात हा प्रवास मोठा आहे. माणसाच्या पडद्यावर काय झालं त्याची एकसुद्धा चाचणी त्या मेसेजमध्ये नाही.

कॅप्सूलची मात्र चाचणी झालेली आहे, तीसुद्धा अमेरिकेच्या सरकारी नेत्रसंस्थेने केलेली, आणि निकाल 2001 साली छापून आला, एरेड्स नाव. म्हणजे लपवालपवी नाहीच, उलट त्या फॉर्म्युल्याच्या स्ट्रिपा डोळ्यांचे डॉक्टरच लिहून देतात आणि मी रोज विकतो. मूळ फॉर्म्युल्यात व्हिटॅमिन सी 500 मिलिग्रॅम, ई 400 युनिट, झिंक, तांबं, बीटा कॅरोटीन होतं, त्यातलं बीटा कॅरोटीन नंतर बदललं, ते पुढे सांगतो. ज्यांचा एएमडी मध्यम टप्प्यावर होता किंवा एक डोळा आधीच गेला होता अशांमध्ये, 5 वर्षांत नुसत्या खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीवर 100 पैकी साधारण 28 जण शेवटच्या टप्प्याला गेले आणि पूर्ण फॉर्म्युल्यावर 20. हा फायदा छोटा नाही, पण नीट वाचा. आजार पुढे जायचा थोडा थांबला, गेलेली नजर परत आली नाही, सुरुवातीच्या टप्प्यातल्यांना काही फायदा दिसला नाही, आणि मोतीबिंदूवर त्यातल्या व्हिटॅमिनांचा काडीचा परिणाम झाला नाही. पत्र्याला रंग लावला तर गंज हळू चढतो, पडलेली भोकं रंगाने बुजत नाहीत.

आता "नैसर्गिक आहे, जास्त घेतलं तरी चालतं" हा जो मुद्दा आहे तो मला सगळ्यात घाण वाटतो, कारण इथे खरंच माणूस मरू शकतो. परवा एक तांडेल आले, बोटीवरची पन्नास वर्षं, कानावर विडी खोचलेली. ऑनलाइन मागवलेली बाटली काउंटरवर ठेवली न म्हणाले, "भाऊ, दोनाच्या जागी चार घेतल्या तर लवकर फरक पडेल ना?" लेबल वाचलं तर बीटा कॅरोटीन. म्हटलं, "तात्या, ही तुमच्यासाठी नाही." फिनलंडमध्ये 29 हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना हेच बीटा कॅरोटीन देऊन बघितलं होतं, कॅन्सर कमी होईल या आशेने, आणि 1994 ला निकाल आला तर फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त! म्हणून 2013 च्या दुसऱ्या एरेड्समध्ये त्याच्या जागी ल्युटीन 10 आणि झियाझॅन्थिन 2 मिलिग्रॅम घालून बघितलं, तेवढंच काम झालं आणि हा धोका नाही. (त्याच चाचणीत माशाच्या तेलाच्या गोळ्यांनी जादा काही केलं नाही, तेव्हा तारली, बांगडा खा की, पण चवीसाठी.) आंबा, गाजर, शेवग्याचा पाला यातलं कॅरोटीन खाऊन काही होत नाही, भानगड आहे ती गोळीतल्या मोठ्या डोसची. आणि झिंकचं म्हणाल तर त्याचा डोस इतका मोठा की शरीरातलं तांबं कमी पडतं, म्हणून तर गोळीत तांबं घालावं लागलं. साइड इफेक्ट शून्य म्हणे.

दुसरं म्हणजे पडद्याचे आजार दहा प्रकारचे. रातांधळेपणाने सुरू होणारा रेटिनायटिस पिगमेंटोसा घ्या, त्यात मूळ चूक जीनमध्ये. त्या रुग्णांना व्हिटॅमिन ई 400 युनिट देऊन बघितलं तर 1993 च्या निकालात ई घेणाऱ्यांचा पडदा उलट जास्त वेगाने ढासळलेला दिसला. अँटीऑक्सिडंटच ना ते पण?

"इंजेक्शन घेऊ नका". हे आमच्या घरातलं. काकूला ड्राय, म्हणजे न पाझरणारा, एएमडी होता, गोळ्या चालू होत्या. एक दिवस पडवीत बसून म्हणते, खिडकीचे गज वाकलेत, सुताराला बोलाव. मी जाऊन हात फिरवला, गज सरळसोट. एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं तर डाव्याने सरळ आणि उजव्याने मधोमध पोटात गेल्यासारखे. हीच ती खूण, पडद्याखाली नवीन रक्तवाहिन्या फुटून पाझरायला लागल्या की सरळ रेघ वाकडी दिसते, त्याला वेट एएमडी म्हणतात आणि तिथे गोळ्या काहीच करत नाहीत. त्यासाठी डोळ्यात जे इंजेक्शन देतात त्याची एक मोठी चाचणी 2006 ला छापली, वर्षभरात 100 पैकी 94-95 जणांची नजर फारशी उतरली नाही, खोट्या इंजेक्शनवाल्यांत तेच 62. काकूने दोन घेतली, गज बरेच सरळ झाले, आणि मग हा फॉरवर्ड आला. तिसरं चुकवलं, महिनाभर सरबत. पुन्हा पाझर. आता परत चालू केलंय पण मधली दोन अक्षरं अजून पुसटच दिसतात म्हणते. डोळ्यात सुई म्हटल्यावर भीती वाटतेच, तिला नावं ठेवत नाही मी.

आणि ते सरबत! अमृत कोकम म्हणजे निम्म्याहून जास्त साखरेचा पाक, आपल्या घरात बनतं, सगळ्यांना माहितीय. आगळ घ्यावं तर त्यात मीठ. डायबेटिसवाल्याच्या पडद्यात जी ऑक्सिडेटिव्ह गडबड होते ती साखरेमुळेच सुरू होते, जादा साखर जाळताना पेशीतच तो विषारी ऑक्सिजन तयार होतो. टाइप 1 डायबेटिसवाल्यांच्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात, 1993 साली, साखर कडक ताब्यात ठेवली तर पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका 76 टक्के कमी झाला. आणि हा माणूस डायबेटिसवाल्यांना रोज दोन ग्लास पाजतोय.

मोतीबिंदू विरघळत नाही, काढावा लागतो, त्यावर जास्त बोलत नाही. एवढंच, की अमेरिकेतल्या मेरीलँडच्या खाडीतल्या 838 मच्छीमारांच्या अभ्यासात ज्यांच्या डोळ्यांवर अल्ट्राव्हायोलेट जास्त पडलं त्यांना एका प्रकारचा मोतीबिंदू जास्त झाला होता. तेव्हा तात्यांना बाटली परत पाठवायला सांगितलं आणि टोपी-गॉगल लावा म्हटलं. गॉगल लावला तर बोटीवरची पोरं हसतील म्हणाले. विडीचं विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करून लिलावाला निघून गेले.