पानाभोवतीची महिरप विकत कशाला आणायची?

आज गौरीजेवणाला गेले होते. कोणाकडे ते महत्त्वाचं नाही, कारण आता सगळीकडे तेच दिसतं. पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्यांची भाजी, सगळं घरी रांधलेलं, चव तर विचारूच नका. आणि ताटाभोवती ॲक्रिलिकची महिरप! गुलाबी, खडे लावलेली. बाजूला प्लॅस्टिकचा झेंडू, खाली केळीचं पान छापलेला कागद. अहो भाद्रपद चालू आहे, बाहेर सगळं हिरवंगार झालंय आणि आपण छापील पानावर जेवतोय?

माझी आत्या राजापूरकडची. तिच्याकडे गौरच तेरड्याची असायची. एका वर्षी ऐन जेवणाच्या वेळी धो धो पाऊस, वीज गेलेली, आणि रांगोळी इतकी सादळलेली की चिमटीतून सुटेचना. आत्या चुलीपाशी अडकलेली, तिने फक्त रोवळी हातात दिली आणि म्हणाली, परड्यात तेरडा आहे की रे, आणा जा. आम्ही पोरं भिजत गेलो, गुलाबी जांभळ्या पांढऱ्या पाकळ्या आणल्या, तिने एका पानाभोवती अर्धगोल लावून दाखवला आणि बाकीच्या सगळ्या पानांभोवती आम्ही लावला. टोकांना तुळशीच्या मंजिऱ्या, मधे करवंट्यांत तेलवाती. खर्च शून्य.

थर्माकोलच्या मखरांवर राज्यात 2018 ला बंदी आली तेव्हा आपणच खूश झालो होतो ना? मग त्याच्या जागी हे आणून काय मिळवलं? तिकडे भाव पडला की शेतकरी झेंडू रस्त्याच्या कडेला ओतून रिकाम्या हाताने घरी जातो, आणि इकडे आपण प्लॅस्टिकचा झेंडू धुऊन पुसून पुढच्या वर्षासाठी डब्यात भरतो. राग येतो खरंच. (झेंडूही मूळचा मेक्सिकोचा हे माहितीये मला, पण तो आपल्या मातीत उगवतो, मातीत जातो.)

पुन्हा पुन्हा वापरता येतं, मान्य. नोकरी सांभाळून एवढा स्वयंपाक करणाऱ्या बाईने वर पाकळ्या कधी लावायच्या, हेही मान्य. पण आत्या कुठे लावत बसली होती? ती पोळ्या लाटत होती, लावत आम्ही होतो, आणि बाहेर गप्पा मारत बसलेल्या काकांनाही तिने करवंट्या घासायला बसवलं होतं. ज्यांचा स्वयंपाकाला हात लागत नाही त्यांनी करायचं काम आहे हे. विकतची महिरप आणली की तेवढंही त्यांना उरत नाही, ते थेट ताटावर येऊन बसतात.

त्या दिवशी माझ्या चुलतभावाने एक नेचा आणला होता, पानामागे पांढरी पूड असते तो. हातावर दाबला की नक्षीचा ठसा उमटतो. त्याने प्रत्येक पाटासमोरच्या काळ्या फरशीवर एकेक ठसा काढला. आजीने जेवताना आपल्या समोरच्या ठशावर पाण्याचा थेंब पडू दिला नाही. लिहिताना आत्ता डोळे भरून आले.

फ्लॅटमध्ये परडं नसतं, बरोबर. पण केळीचं पान मंडईत मिळतं, मधली जाड शीर काढून गॅसवर हलकंच शेकलं की मऊ पडतं, फाटत नाही, डायनिंग टेबलावर लांब अंथरता येतं. कडेने विड्याची पानं, गॅलरीतल्या मंजिऱ्या, मक्याच्या कणसाची सालं, अख्खी लिंबं. तेरडा लगेच मान टाकतो, तो शेवटी लावा, तोवर ओल्या फडक्यात ठेवा. कण्हेर आणि कळलावी मात्र जेवणाच्या आसपास आणू नका, कितीही सुंदर दिसली तरी, विषारी आहेत दोन्ही.

दसऱ्याला सगळे माझ्याकडे जेवायला आहात. येताना मिठाई नको, जे काही दाराशी, रस्त्यात पडलेलं, कुंडीत उगवलेलं मिळेल ते मूठभर आणा. आपट्याच्या फांद्या ओरबाडू नका, दोन पानं पुरतात. पोरांना आणि नवऱ्यांना तासभर आधी पाठवा, महिरप तेच लावतील.