26 ग्रॅमचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं : "मुंबईच्या वस्त्यांत बायकांना रोज पालेभाजी-फळं-दुधाचा खाऊ दिला, तरी बाळांचं वजन सरासरी 26 ग्रॅमच वाढलं. मग आहाराचं कौतुक कशाला? प्रोटीन पावडर सांगा." आकडा बरोबर आहे. 'नीट खाल्लं की बाळ तीन किलोचं' हे माझं वाक्यही ढिलं होतं. ते मागे घेतो.

पण मुंबईतल्या त्या 'सारस' प्रयोगाचा हिशेब तिथे संपत नाही. ज्यांच्याशी तुलना केली त्या दुसऱ्या गटालाही खाऊ होताच, बटाटा-कांद्याचा. म्हणजे तुलना खाणं विरुद्ध उपास अशी नव्हती. शिवाय दिवस राहण्याआधी किमान तीन महिने ज्यांनी खाऊ सुरू केला, त्यांच्यात फरक 48 ग्रॅम निघाला. बाळाला पोसणारी वार रुजते पहिल्या तिमाहीत. पाळी चुकल्यावर धावपळ करून तो काळ पुरता हाती लागत नाही.

खरी बोचणारी गोष्ट वेगळीच. अंगानं भरलेल्या बायकांच्या गटात बाळं 96 ग्रॅमनं वजनदार झाली, सर्वांत किडकिडीत बायकांच्या गटात मात्र वाढ दिसलीच नाही. जादा घास बहुधा आईच्याच अंगी जिरला. त्यामुळे 150 सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन 42 किलोच्या आत असेल, तर आधी तिचं वजन वाढू द्यावं, मग मूल.

दिवस राहिल्यावर 'दोघांचं जेवण' लागत नाही. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण 350 कॅलरी जादा पुरतात : एक ज्वारीची भाकरी, पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे. 'कमी खा, बाळंतपण सोपं जाईल' हा सल्ला तर ऐकूच नये. लोहाची गोळी कॅल्शियमसोबत घेतली की लोह नीट शोषलं जात नाही. मध्ये दोन तास ठेवा. जेवणावर लगेच चहा नको.

पावडरीचं म्हणाल, तर समतोल पूरक आहारानं वजन थोडं वाढतं, पण प्रथिनांचा भडिमार केलेल्या चाचण्यांत फायदा दिसला नाही, उलट बाळं लहान राहण्याची शंका आली. ते पैसे अंडी-डाळींवर घाला.

आणि घरात मिश्री असेल तर आधी ती बंद. मुंबईतल्याच एका पाहणीत मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली होती, म्हणजे त्या 48 ग्रॅमच्या दुपटीहून जास्त.