२३ किलोंत मावणारा परदेश

लांबच्या परदेश प्रवासाचे शेवटचे दिवस विश्रांतीसाठी असतात, ही समजूत आधी डोक्यातून काढून टाका. इतके आठवडे तुम्ही बागेतल्या बाकावर बसून आणि रस्ते चुकून वाया घालवलेत, त्याची वसुली आता करायची आहे. जी संग्रहालयं ‘बघू नंतर’ म्हणून मागे ठेवली, ती एका दिवसात उरका. पुष्कळ संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि पॅरिसचं लूव्हर मंगळवारी, ही माहिती दारापर्यंत जाऊनच मिळवावी. एखादं उघडं सापडलंच, तर चित्रांपुढे रेंगाळू नका. फोटो काढा आणि सरका. बघायचं काय ते घरी गेल्यावर. (घरी गेल्यावरही कोणी बघत नाही, पण तेव्हाचं तेव्हा.)

भेटवस्तूंची खरेदी शेवटच्या संध्याकाळीच करावी. आधी केली तर कोणाला काय आवडेल याचा विचार करावा लागतो. शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांना फ्रिजवरचं चुंबकच आवडतं. जवळच्या माणसांसाठी मात्र जड आणि फुटणारी वस्तू शोधा. ती उलटी करून तळ वाचू नका. तिथे छापलेला देश बहुधा तुमच्या सहलीत नव्हताच. पैसे देताना कार्डाचं यंत्र मायेने विचारतं, ‘तुमच्या देशाच्या चलनात देता का?’ लगेच हो म्हणा. त्यासाठी लावलेला दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो, पण परक्या मुलखात आपल्या चलनाची आठवण कोणी काढली, हे काय कमी आहे?

आता बॅग. तिचं वजन करण्याच्या फंदात पडू नका. एका हाताने दोन इंच उचलायची, डोळे मिटायचे आणि ‘असेल वीसेक’ म्हणायचं. विमान कंपनीच्या काट्याला ही पद्धत माहीत नसते, त्यामुळे काउंटरवर थोडा मतभेद होतो. इकॉनॉमीच्या तिकिटावर बऱ्याच कंपन्या एका बॅगेला २३ किलोंची मुभा देतात. तुमची २८ भरते. आधी नम्रपणे काट्यावरच संशय घ्या. मग मागच्या रांगेच्या साक्षीने बॅग जमिनीवर उघडा, न धुतलेल्या कपड्यांची सर्वांना ओळख करून द्या आणि दोन स्वेटर, एक कोट अंगावर चढवा. माणसाला काट्यावर उभं करत नाहीत, तोवर ही पळवाट आहे. पाच किलो कमी करून तुम्ही विमानात नेता तेवढंच वजन, फक्त घामासकट. एक बॅग ३२ किलोंच्या वर गेली, तर ती सहसा जादा पैसे भरूनही घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसालाही पाठीचा कणा असतो. असल्या क्षुल्लक कारणावर हुज्जत घालायला वेळ हाताशी ठेवा.

काढलेलं सामान अर्थातच हातातल्या बॅगेत कोंबायचं. त्यात जॅमची मोठी बरणी असेल, तर उत्तम. २००६ साली विमानांत द्रवरूप स्फोटकं नेण्याचा कट लंडनमध्ये उघडकीला आला, तेव्हापासून हातातल्या बॅगेतल्या द्रव आणि जॅमसारख्या पदार्थांवर १०० मिलिलिटरची मर्यादा आली. काही विमानतळांवर नव्या यंत्रांमुळे ती आता सैल झाली आहे. तुमचा विमानतळ त्यांतला आहे की नाही, हे बरणी कचऱ्यात पडताना कळेलच. अत्तराची मोठी बाटली अर्धी रिकामी असल्याचा युक्तिवादही करून पाहा. तिथे बाटलीची क्षमता मोजतात, तुमचा आशावाद नाही. पॉवर बँक मात्र चेक-इनच्या बॅगेत अगदी तळाशी ठेवा. लिथियम बॅटरी पेटू शकते म्हणून ती प्रवाशाजवळच हवी, असा नियम आहे. तो पाळला, तर बॅग पुन्हा उघडायला तुम्हाला बोलावणार कोण?

युरोपातून निघताना तिथल्या खरेदीवर भरलेला कर परत घ्यायचा असेल, तर वस्तू आधी बॅगेत बंद करून विमान कंपनीच्या ताब्यात द्या आणि मग कस्टम्सकडे शिक्का मागायला जा. शिक्का मारणारा वस्तू पाहायला मागतो, तेव्हा त्याला फोटो दाखवा.

विमानात झोपू नका. पडद्यावरचे सिनेमे तिकिटात धरलेले आहेत. घरी पोहोचल्यावर दुपारी पडदे ओढून भरपूर झोपा. शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं, तेव्हा उजेड टाळलात की परदेश आणखी आठवडाभर पुरतो. पूर्वेकडे परतत असाल, तर तुमचं नशीब थोर. आपलं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित संथ चालतं, त्यामुळे दिवस लांबवणं त्याला जमतं, आखडणं जमत नाही. म्हणूनच पूर्वेचा प्रवास जास्त छळतो. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाची बैठक ठेवा आणि तिथे गाडी स्वतः चालवत जा.

बॅग पट्ट्यावर आलीच नाही, तर कोणाला काही न सांगता घरी जा. विमानतळावरच तक्रार नोंदवून कागद घेणारी माणसं फार व्यवहारी असतात. १९९९च्या माँट्रियल करारानुसार फुटक्या सामानाची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा आलेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते. म्हणजे आठव्या दिवशी बॅग उघडून फुटलेली भेटवस्तू पाहायला काहीच हरकत नाही.

मग कोणीतरी विचारेल, ‘काय, कशी झाली ट्रिप?’ हा प्रश्न ‘मस्त!’ एवढ्या उत्तरासाठी असतो, असं मानणारे लोक प्रवासाला नालायक. तुम्ही पहिल्या दिवसाच्या विमानतळापासून सुरुवात करा. तिथले रस्ते, तिथली शिस्त, तिथल्या रांगा. रांगेचं कौतुक करताना काउंटरवरची बॅग गाळा. फोनमधले फोटो एकेक करून सरकवा, अंधुक आलेले जास्त समजावून सांगा. अर्ध्या तासाने समोरच्याला एक अतिशय तातडीचा फोन येईल. तो खराच आला आहे असं समजा आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत तिथेच थांबा. अजून दोन देश राहिलेत.