संवादाची जागा

पटकथेतल्या माणसाला कागदाच्या कडेला बोलायची मुभा नाही. त्याचं नाव डाव्या कडेपासून ३.७ इंचांवर, संवाद २.५ इंचांवर सुरू आणि पुढच्या साडेतीन इंचांत खलास. अक्षर कुरियर, १२ पॉइंट. डावीकडं दीड इंच कोरं सोडायचं, कारण अमेरिकेत तिथं भोकं पाडून पितळी पिना घालतात. आमचं बाड व्हॉट्सअ‍ॅपवरनं जाणार असलं तरी भोकांची जागा ठेवायचीच.

हे मला मुंबईतल्या एका निर्मात्याच्या ऑफिसातल्या पोरानं फोनवर सांगितलं. "सर, गोष्ट नंतर. आधी फॉरमॅट."

गोष्ट २०१९ च्या महापुरात गच्चीवर अडकलेल्या एका खटल्याची. दोन आत्त्या, तीन भाऊ, त्यांच्या बायका आणि एक म्हैस. मी ती आपल्याकडच्या जुन्या पद्धतीनं लिहिली होती. कागदाची उभी घडी घालायची, डावीकडं काय दिसतं ते, उजवीकडं कोण काय बोलतं ते. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी निघाली ती याच कोल्हापुरात, आणि आता मुंबईचं पोर मला समास शिकवणार! पण पैसे त्याच्या मालकाचे होते. म्हणून मंगळवार पेठेतल्या डीटीपीवाल्या तात्यांकडं गेलो.

"संवाद मधोमध? मग लग्नपत्रिकाच की ही!" तात्या म्हणाले आणि पहिल्या पानावर 'श्री अंबाबाई प्रसन्न' टाकून मोकळे झाले.

त्यांना समजावलं की मधोमध म्हणजे तसं मधोमध नव्हे. ओळी डावीकडून एका रेषेत सुरू होतात, फक्त पट्टा अरुंद आणि आत सरकवलेला. नावंही सगळी एकाच जागेवरून निघतात, आणि ती कॅपिटलमध्ये लागतात.

"आपल्यात कॅपिटल कुठनं आणू?" तात्यांनी विचार केला. "आसं करू. थोरली आत्ती मोठ्या अक्षरात, धाकटी बारीक."

घरात तंटा लागला असता. शेवटी सगळ्यांनाच ठळक केलं.

कुरियरचा हट्ट कशासाठी, तर त्यात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा. इंचात दहा, म्हणजे संवादाच्या ओळीत पस्तीस. त्यामुळं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा हिशेब बसतो. देवनागरीत एकट्या 'र'ला लागते ती जागा आणि 'क्ष्म'ला लागते ती जागा एक कशी असेल? शिवाय थोरल्या आत्तीचं पानभर बोलणं मी घड्याळ लावून वाचून बघितलं, मिनिट व्हायच्या आत संपलं. तेही मी वाचताना. आत्ती असती तर आणखी लवकर.

म्हशीनं तर पेच टाकला. ती जिन्यात उभी राहून हंबरते. माणूस तिथंच असून दिसत नसला, तर नावापुढं ओ. एस. लिहितात. फोनवरचा किंवा निवेदकाचा आवाज असला, तर व्ही. ओ. तात्यांनी 'म्हैस (ओ. एस.)' असं ठळक टाकलंसुद्धा. पण जनावराचा आवाज संवादात नाही, वर्णनात जातो. "एवढ्या घरात तीच मुद्द्याचं बोलती," म्हणत तात्यांनी नाइलाजानं खोडलं.

दोघं एकदम बोलले तर संवाद शेजारी शेजारी दोन पट्ट्यांत मांडायची सोय आहे. दोघांचीच. आमच्या गच्चीवर आठ माणसं, आणि एकाचं संपल्यावर दुसऱ्यानं बोलायचं ही पद्धत आमच्यात फक्त श्रद्धांजलीच्या सभेला पाळतात. मी त्यांना मुकाट्यानं एकाखाली एक रांगेत उभं केलं.

राहिला कंस. नावाखाली (रागानं), (हळूच) असं लिहायची जागा. "कमी वापरा सर, नटाला शिकवल्यासारखं वाटतं," पोरानं बजावलं होतं. आता पुरात दोन दिवस बेपत्ता असलेला धाकटा भाऊ नावेतनं परत येतो तेव्हा आत्ती म्हणते, "कुठं मेला हुतास रं मुडद्या?" आणि थोरला म्हणतो, "ढकला त्याला परत पाण्यात!" इथं (गहिवरून) लिहिलंच पाहिजे, असं माझं ठाम मत. पण फॉरमॅट म्हणजे फॉरमॅट. सगळे कंस काढून टाकले.

आठवड्यानं पोराचा फोन आला. "सर, फॉरमॅट एकदम परफेक्ट. सरांना नावेचा सीन फार आवडला. फक्त एक विचारतायत, या भावाभावांचं भांडण नक्की कोणत्या जमिनीवरून आहे?"