त्या दगडांशी शेतकऱ्याचं नातं काय? एक प्रतिवाद

मराठी गटांमध्ये एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: स्कॉटलंडच्या शेतशिवारातली स्मारकं म्हणजे जमीनदारांची हौस, शेतकऱ्याला त्यांचं सोयरसुतक नाही, अलीकडची शिल्पं तर निव्वळ पर्यटकांच्या फोटोंसाठी उभी केली आहेत, आणि उघड्या माळावर कला टिकत नाही, तिची जागा संग्रहालयात. वाचताना हे पटून जातं. पहिलं वाक्य मलाही आधी खरंच वाटलं होतं. पण एकेक दगड समोर घेऊन पाहिला की चारही विधानं डळमळतात.

जमीनदारांच्या हौसेपासूनच सुरुवात करू. जमीन बहुतेक वेळा त्यांची होती, हे खरं. पण ईस्ट लोदियनमध्ये हॅडिंग्टनजवळ बायर्स टेकडीवर 1824 साली उभारलेला होपटाउन मनोरा पाहा. तो चौथ्या अर्ल ऑफ होपटाउनच्या स्मरणार्थ आहे. त्यावर कोरलंय की ईस्ट लोदियनमधल्या त्याच्या प्रेमळ आणि कृतज्ञ कुळांनी तो बांधला. म्हणजे उभारणारे म्हणून नाव कुळांचं. ज्याच्या हातात जमिनीचा पुढचा करार, त्याच्या स्मारकाला वर्गणी मागितली गेली तर कूळ नाही कसं म्हणणार, हा प्रश्न शेतीशी संबंध असलेल्या कोणाच्याही मनात येईल. त्यामुळेच याला ‘हौस’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही. हौस माणसाची स्वतःपुरती असते. इथे मालक आणि कूळ यांचं नातं दगडावर लिहून ठेवलंय, आणि तेही मालकाच्या बाजूने.

याचं सर्वांत जळजळीत उदाहरण उत्तरेला, सदरलंडमध्ये आहे. गोल्स्पी गावामागच्या बेन ब्रॅगी डोंगरावर पहिल्या ड्यूक ऑफ सदरलंडचा पुतळा उभा आहे. चौथऱ्यासकट उंची सुमारे 100 फूट, काम पूर्ण झालं 1837 साली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच घराण्याच्या जमिनीवरून हजारो कुटुंबांना बेदखल केलं गेलं. आतल्या खोऱ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखून, ओट आणि बार्ली पिकवून जगणारी माणसं किनाऱ्याकडे ढकलली गेली आणि त्यांच्या शिवारात मोठ्या मेंढीपालकांच्या मेंढ्या आल्या. स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात 1814 आणि 1819 साली घरांची छपरं जाळली गेली. आणि चौथऱ्यावरच्या लेखात हाच मालक समंजस, दयाळू आणि उदार आहे. स्मारक उभारणारी कुळं शोकाकुल आणि कृतज्ञ आहेत.

हा पुतळा त्या भागातल्या लोकांच्या डोळ्यांत आजही सलतो. 1994 साली तो हटवण्यासाठी रीतसर प्रयत्न झाला. पुढे काही वेळा पायथ्याचे दगड खिळखिळे करण्याचे प्रकारही झाले. ज्या गोष्टीशी लोकांना देणंघेणं नाही, ती पाडायला कोण पहारी घेऊन डोंगर चढतं? पुतळा अजून उभा आहे. पण त्याच किनाऱ्यावर, हेल्म्सडेलमध्ये, 2007 साली त्याला उत्तर मिळालं. जेराल्ड लँग या शिल्पकाराने घडवलेलं ते ब्राँझचं कुटुंब आहे: पुढे पाहणारा बाप, शेजारी मुलगा, आणि तान्हं मूल घेतलेली आई मागे वळून किल्डोनन खोऱ्याकडे पाहते आहे. 1813 साली याच खोऱ्यातले लोक कॅनडात रेड रिव्हरच्या वसाहतीकडे निघाले होते. तसंच शिल्प तिकडे विनिपेगमध्येही आहे.

मजकूर लिहिणाऱ्याने पश्चिमेकडच्या लुईस बेटावर नजर टाकली असती, तर ‘जमीनदारांची’ हा शब्द तरी गाळला असता. तिथे बॅलालन, आयग्निश आणि ग्रेस इथे 1990च्या दशकात दगडी स्मारकं उभी राहिली. रचना विल मक्लीन या कलावंताची, दगडकाम जिम क्रॉफर्ड यांचं. ती ज्यांची आठवण सांगतात ते सगळे क्रॉफ्टर, म्हणजे तुकड्याएवढी जमीन कसणारी कुळं. 1887च्या नोव्हेंबरात पार्क भागातले भुकेले लोक शिकारीसाठी राखलेल्या रानात शिरले आणि त्यांनी हरणं मारली. आपल्याला जमीन नाही आणि मालकाच्या हरणांना आहे, हे देशाला दिसावं म्हणून. दोन महिन्यांनी आयग्निशच्या शेतावर लोकांनी चाल केली तेव्हा सैनिक आणले गेले, लोकांना तुरुंगात जावं लागलं. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या माणसांनी ग्रेस आणि कोल इथली शेतं ताब्यात घेतली, कारण लढायला जाताना त्यांना जमिनीचं वचन मिळालं होतं. बेटाचा मालक तेव्हा साबणाच्या कारखान्यांमुळे श्रीमंत झालेला लॉर्ड लेव्हरह्यूम. त्याला ती शेतं स्टॉर्नोवे शहराच्या दुधासाठी हवी होती. जमिनीसाठी भांडलेल्या कुळांचं स्मारक त्याच जमिनीवर असावं, यापेक्षा शेतकऱ्याच्या जवळची कला कोणती असणार?

आता आपल्या घराजवळचं. दक्षिणेला, इंग्लंडच्या सीमेलगत, लँगहोम नावाचं गाव आहे. त्याच्या माथ्यावरच्या व्हिटा टेकडीवर सुमारे 100 फुटांचा चौकोनी, वर निमुळता होत गेलेला स्तंभ आहे. पायाभरणी 1835 सालची. तो सर जॉन माल्कम यांचा. मराठी वाचकाला हे नाव परकं नाही. 1817च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांच्या फौजेशी लढलेले, 1818च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने ज्यांच्या स्वाधीन होऊन वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर पेशवाई सोडली ते, आणि 1827 ते 1830 मुंबईचे गव्हर्नर असलेले हेच माल्कम. महाबळेश्वरच्या बाजारपेठेला माल्कमपेठ म्हणतात ते यांच्यावरूनच.

फिरणाऱ्या मजकुरातल्या व्याख्येत हे स्मारक बसत नाही. माल्कम जमीनदार घराण्यातले नव्हते. एस्कडेलमधल्या बर्नफूटच्या शेतावर कूळ म्हणून राहणाऱ्या, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे ते पुत्र. घरात सतरा भावंडं. शेतावर एवढ्यांचं भागणं शक्यच नव्हतं, म्हणून मुलं एकेक करून बाहेर पाठवली गेली. जॉन कंपनीच्या नोकरीत मद्रासला उतरले तेव्हा अवघे तेरा-चौदा वर्षांचे होते. त्या कर्जाचा धागा धरला की एस्कडेलच्या कुरणांपासून पुण्याच्या शनिवारवाड्यापर्यंत पोचता येतं. मला त्या स्तंभाविषयी प्रेम वाटत नाही. आपल्याकडचं एक राज्य बुडालं त्या कहाणीतला हा माणूस आहे. पण त्याला जमीनदाराची हौस म्हणणं म्हणजे ती कहाणीच पुसून टाकणं. आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत, माल्कमचा संगमरवरी पुतळा आहे. तो फ्रान्सिस चँट्री यांचा. बेन ब्रॅगीवरच्या ड्यूकचा आराखडाही चँट्री यांचाच. बेदखल झालेल्या खोऱ्यावर नजर ठेवणारा तो दगडी मालक आणि आपल्या मुंबईतला तो गव्हर्नर एकाच कलावंताच्या कल्पनेतून आले आहेत.

शेतकऱ्याला सोयरसुतक नाही, या दुसऱ्या विधानाचं उत्तरही लँगहोमलाच मिळतं. जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी तिथे गावची शीव फिरतात. घोडेस्वार गावातून निघून व्हिटा टेकडीवर भरधाव चढतात. मूळ कारण अगदी कोरडं: 1759 साली न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनीचे हक्क ठरवून दिले, आणि त्या गायरानाच्या हद्दी दरवर्षी पाहून, खुणा साफ ठेवणं गावाच्या गळ्यात पडलं. टेकडी, तिच्या हद्दीच्या खुणा आणि तिच्यावरचा स्तंभ गावकऱ्यांना वेगवेगळे दिसत नाहीत. 2021 आणि 2022 साली याच गावाने वर्गणी आणि देणग्या गोळा करून शेजारचा दहा हजार एकरांहून मोठा माळ बक्लू या जमीनदार घराण्याच्या इस्टेटकडून विकत घेतला. आपल्या माळाकडे असं पाहणारी माणसं त्यावरच्या खांबाविषयी उदासीन असतील, हे मला खरं वाटत नाही.

मॉफटच्या मेंढ्याची गोष्ट मात्र मला सर्वांत आवडते. मॉफट हा लोकरीच्या व्यापारावर वाढलेला गाव. तिथल्या बाजारपेठेत 1875 साली विल्यम ब्रोडी यांनी घडवलेला ब्राँझचा मेंढा कारंज्यावर उभा राहिला. त्याला कान नाहीत. सांगतात की अनावरणाच्या वेळी गर्दीतला एक शेतकरी ओरडला, “अहो, याला कानच नाहीत!” त्या धक्क्याने शिल्पकाराने जीव दिला, असंही पुढे जोडतात. ते खोटं आहे, ब्रोडी त्यानंतरही काही वर्षं जगले आणि 1881 साली वारले. शेतकऱ्याचं ते वाक्य खरं असो वा नसो, गावाने दीडशे वर्षं ते जपलंय. मेंढ्याची पारख आपल्याला आहे, नामवंत शिल्पकाराला नाही, हा त्यातला अभिमान. अॅबर्डीनशायरमधल्या अॅलफर्डला अॅबर्डीन-अँगस जातीच्या वळूचा पुतळा आहे, कारण त्या काळ्या, बिनशिंगी जातीच्या जडणघडणीत त्या परिसराचा मोठा वाटा आहे. तिथे थांबणारे लोक वळूची पाठ, छाती, मांड्या पाहतात, जशी ती जनावरांच्या प्रदर्शनात पाहिली जातात.

पर्यटकांसाठीची टूम, हे तिसरं विधान. त्यावर फार वेळ घालवायची गरज नाही, सालं पाहिली तरी पुरे. ड्रायबराजवळचा, इंग्लंडशी लढलेला स्कॉटिश वीर विल्यम वॉलेस याचा लाल वालुकाश्माचा पुतळा 1814चा. एअर्थजवळ डनमोरच्या बागेतला दगडी अननस ज्या इमारतीवर बसला आहे, तिच्यावर 1761 कोरलंय. तिथल्या पोकळ भिंतींतून गरम हवा खेळवून थंड देशात नाजूक फळं पिकवली जात, आणि वरच्या शोभेच्या दगडी कलशांत धुराडी लपवली आहेत. फोटो काढायला तेव्हा कोणी येत नव्हतं.

अलीकडच्या कामांत फॉल्कर्कच्या केल्पीजचं नाव सगळे घेतात. पोलादाची दोन घोडामुखं, प्रत्येकी सुमारे 30 मीटर उंच, अँडी स्कॉट यांची, 2014 पासून लोकांना खुली. तिथे पर्यटक येतात, खूप येतात, ते नाकारायचं कारण नाही. पण ती कोणत्याही घोड्याची मुखं नाहीत. ड्यूक आणि बॅरन या दोन जिवंत क्लाइड्सडेल घोड्यांवरून ती घडवली आहेत. क्लाइड नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी नांगर आणि गाडे ओढायला तयार केलेली ही जात. ट्रॅक्टर आल्यावर ती इतकी घटली की 1970च्या दशकात धोक्यातल्या जातींच्या यादीत गेली. आपल्याकडे बैलपोळ्याला मातीचे बैल पुजतो, त्या मनाने पाहिलं तर त्या पोलादी मानांमधला भाव ओळखू येतो.

आणि जिथे गाडी पोचतच नाही, तिथलं काय? मोनिआइव्हजवळच्या केर्नहेड खोऱ्यात अँडी गोल्डस्वर्दी यांच्या लाल दगडाच्या कमानी आहेत, प्रत्येकीत 31 दगड, चुना नाही, सिमेंट नाही. एक खाली जुन्या गोठ्यापाशी, बाकीच्या भोवतालच्या डोंगरमाथ्यांवर. तिथवर पायीच चढावं लागतं. एकेकाळी मेंढ्यांचं असलेलं हे खोरं आता सुचीपर्णी झाडांच्या लागवडीखाली आहे. माणसं इथून गेली तशा या कमानी डोंगरावरून पावलं टाकत निघाल्यासारख्या दिसतात.

उरला टिकण्याचा प्रश्न. मजकूर लिहिणाऱ्याच्या हातात इथे खरा पुरावा आहे, आणि तो मला बोचतो. डमफ्रीजजवळ ग्लेनकिल्नच्या मेंढ्यांच्या कुरणांवर सर विल्यम केसिक यांनी 1951पासून हेन्री मूर, रोदँ, एप्स्टाइन या नामवंत शिल्पकारांची शिल्पं ठेवली. कुंपण नाही, तिकीट नाही, पहारेकरी नाही. मूर यांचे राजा-राणी जलाशयावरच्या उतारावर बसलेले, आणि मेंढ्या त्यांच्या पायाशी चरत. 1995 साली कोणीतरी त्या दोघांची डोकी कापली. ती पुन्हा ओतून बसवली गेली. 2013च्या ऑक्टोबरात मूर यांची ‘स्टँडिंग फिगर’ चोरीला गेली आणि मग उरलेल्यांपैकीही बरीच हलवावी लागली.

पण ग्लेनकिल्नवरून सगळ्या माळांचा निकाल लावता येत नाही. तिथे विकलं जाणारं ब्राँझ होतं, गाव मात्र विरळ. राइनी गावात 1978 साली बारफ्लॅटच्या शेतात नांगर चालवताना शेतकऱ्याला कुऱ्हाड घेतलेल्या माणसाची पिक्टिश काळातली, म्हणजे स्कॉटलंडच्या प्राचीन पिक्ट लोकांच्या काळातली, शिळा सापडली. ती अॅबर्डीनच्या सरकारी कचेरीत नेली, आणि पाहायला जाणाऱ्याला आता ती भिंतीशी उभी दिसते. ती ज्या मातीतून आली ती दिसत नाही. तिच्याच शेजारचा क्रॉ स्टेन मात्र अजून शेतात आहे. त्यावर सामन मासा आणि एक ओळखू न येणारा प्राणी कोरला आहे, खाली डेव्हरन नदीकडे जाणारं पाणी आहे, आणि मासा तिथे का कोरला हे समजायला फलक लागत नाही.

अँगसमधल्या अॅबरलेम्नो गावात तिसराच मार्ग दिसतो. रस्त्याकडेला, शेतांच्या कडेने पिक्टिश शिळा उभ्या आहेत, हजार वर्षांहून जुन्या. थंडी सुरू झाली की त्यांच्यावर लाकडी पेट्या बसवतात, म्हणजे हिमाने दगड फुटत नाही. वसंतात पेट्या काढल्या की शिळा पुन्हा रस्त्याकडे तोंड करून उभ्या असतात.