इयागोला नक्की काय पाहिजे होतं?

खलनायकाला कारण पाहिजेच हा हट्ट आपल्या सगळ्यांचाच असतो. शकुनी असा का वागला म्हणून कुणालाही विचारा, लगेच सांगणार की त्याच्या बापाला आणि भावांना तुरुंगात उपाशी मारलं, मग बापाच्या हाडांचे फासे केले वगैरे. व्यासांच्या महाभारतात ही गोष्टच नाही, ती मागाहून लोकांनी जोडली आणि सीरियलवाल्यांनी पक्की केली. मंथरेचंही तेच. वाल्मीकींच्या रामायणात ती गच्चीवर जाते, सजलेली अयोध्या बघते, रामाचा राज्याभिषेक आहे हे कळतं आणि तिच्या अंगाची आग होते. तुलसीदासांपर्यंत येताना त्यात देव आले, देवांनी सरस्वतीला पाठवलं, सरस्वतीनं तिची बुद्धी फिरवली. म्हणजे एखादं माणूस दुसऱ्याचं चांगलं बघून नुसतं जळलं, एवढं आपल्याला पुरत नाही. त्याच्यामागं काहीतरी मोठं लागतं.

हे सगळं आठवायचं कारण शेक्सपियरचं ऑथेल्लो, ज्यात इयागो हा निशाण सांभाळणारा हाताखालचा गडी आपल्या सेनापतीच्या, ऑथेल्लोच्या मनात बायको डेस्डिमोनाबद्दल संशय पेरतो आणि ऑथेल्लो तिला मारतो. सांगलीत आमचा एक हौशी ग्रुप आहे, जमलं तर राज्य नाट्यला एन्ट्री टाकतो, नाही जमलं तर नुसतं वाचन करतो, सध्या वाचनच चाललंय. इयागो वाचणारा पोरगा हुशार आहे पण दर बैठकीला तेच, दादा याचं मोटिव्ह काय ते एकदा सांगा, मला पकडायला काहीतरी द्या. त्याला व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा म्हटलं इथंच एकदा सगळं टाईप करावं, बाकीच्यांनाही भांडता येईल.

तर कारणं. कारणं कमी नाहीत हाच तर घोळ आहे. पहिल्याच प्रवेशात इयागो सांगतो की लेफ्टनंटची जागा माझी होती, शहरातल्या तीन बड्या लोकांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता, तरी ऑथेल्लोनं ती कॅसिओला दिली, आणि हा कॅसिओ कोण तर फ्लॉरेन्सचा, आकडेमोड करणारा, रणांगणावर कधी तुकडी उभी केली नाही त्यानं. आता बढती शिफारशीनं मिळते, सीनियॉरिटीचं कोण बघतो, ही तक्रारही तो करतो, आणि ती करताना स्वतःसाठी तिघांची शिफारस आणली होती हे आत्ताच सांगून बसलाय हे त्याच्या ध्यानात नाही. (हा डायलॉग आपल्याकडच्या कुठल्याही ऑफिसातल्या चहाच्या वेळेला चालेल, एक अक्षर बदलायला नको.) मग थोड्या वेळानं दुसरं कारण येतं, की ऑथेल्लोचं माझ्या बायकोशी काहीतरी होतं असं लोक बोलतात. आणि लगेच पुढं म्हणतो की खरं आहे का मला माहीत नाही, पण नुसत्या संशयावर मी खरंच असल्यासारखा वागणार. मग म्हणतो माझंही डेस्डिमोनावर प्रेम आहे, वासनेनं असं नाही, पण सूड म्हणून. मग कॅसिओवरही तोच संशय, बायकोवरून. आणि शेवटच्या अंकात, कॅसिओला मारायला निघताना सगळ्यात खरं वाटणारं वाक्य येतं, की या कॅसिओच्या रोजच्या जगण्यात एक देखणेपण आहे, त्याच्यापुढं मी कुरूप दिसतो.

इतकी कारणं आणि एकावरही तो दोन मिनिटं टिकत नाही. इंग्रजी कवी आणि समीक्षक कोलरिज म्हणाला की हा हेतू नसलेला दुष्टपणा आहे आणि तो स्वतःसाठी हेतू शोधत फिरतोय. हे वाक्य इतकं गाजलं की पुढं सगळेच तेवढं म्हणून मोकळे होतात. मला ते अर्धंच पटतं. शोधत फिरतोय हे बरोबर. हेतू नाही हे नाही पटत.

शेक्सपियरनं ज्या इटालियन गोष्टीवरून नाटक उचललं, चिंथिओची, १५६५ साली छापलेली, तिच्यात सगळं सरळ आहे. तिथल्या त्या निशाण सांभाळणाऱ्याला नावसुद्धा नाही, त्याला डेस्डिमोना पाहिजे, ती भाव देत नाही, तिचं दुसऱ्यावर मन आहे असं तो धरून चालतो आणि सूड घेतो. संपलं. असं तयार कारण हातात आयतं आलेलं असताना शेक्सपियरनं ते जवळजवळ काढूनच टाकलं आणि त्याच्या जागी चार अर्धवट कारणं ठेवली. एवढा धंदा कळणारा माणूस हे चुकून करणार नाही. त्याला आपण कारण शोधत बसावं हेच पाहिजे होतं असं मला वाटतं.

आता माझा मुख्य मुद्दा, आणि तो पोरानं नीट वाचावा. तिसऱ्या अंकातला तो मोठा प्रवेश संपतो तेव्हा ऑथेल्लो गुडघ्यावर बसून शपथ घेतो आणि शेवटी इयागोला म्हणतो, आता तू माझा लेफ्टनंट. झालं की! पहिल्या प्रवेशापासून जी जागा जागा करत होता ती मिळाली. कॅसिओ आधीच दारूच्या भांडणात बडतर्फ झालाय, त्याला मारायचा हुकूमही सुटलाय. बढतीसाठी हे सगळं चाललं असतं तर गडी इथं थांबला असता, निदान हळू झाला असता. तो काय करतो? बढतीच्या शब्दाच्या जरा आधीच तो म्हणून बसलाय, कॅसिओ मेला समजा, पण बाईसाहेबांना जगू द्या. ऑथेल्लोनं रागाच्या भरात तिचे तुकडे करीन म्हटलेलं असतं, पण हुकूम फक्त कॅसिओचा दिलेला असतो, हा दयेची भीक मागून तिच्या जिवाचा विषय टेबलावर ठेवतो. आणि जागा मिळून झाल्यावर, पुढच्या अंकात, ऑथेल्लो विष मागतो तर हा म्हणतो विष नको, गळा दाबा, त्याच बिछान्यात.

कुणी म्हणेल आता माघार घेता येत नव्हती, उघडं पडला असता. ठीक आहे, शेवटी शेवटी ती भीती आहे, तो स्वतः बोलून दाखवतो. पण विष की गळा ही निवड भीतीतून येत नाही हो. ती आवडीतून येते. ऑथेल्लो फिट येऊन जमिनीवर पडतो तेव्हा हा बाजूला उभा राहून म्हणतो, चालू दे माझ्या औषधाचं काम. आणि दुसऱ्या अंकात रात्रभर दंगा घडवून आणल्यावर पहाट बघून म्हणतो की मजा आणि काम असलं की वेळ कसा गेला कळत नाही. हे वाक्य मला सगळ्यात भयानक वाटतं, कारण नाटकवाला म्हणून मला ते ओळखीचं आहे, तालमीला रात्रीचे दोन वाजले की आम्हीही हेच म्हणतो.

म्हणून मी पोराला सांगतोय की तू सूड पकडू नकोस. तू अशा माणसाला पकड ज्याला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या लायकीचं काम मिळालंय. २८ वर्षांचा आहे तो, स्वतःच वय सांगतो. हुशार आहे, लोक वाचता येतात, आणि इतकी वर्षं काम काय तर निशाण सांभाळायचं आणि साहेबाच्या बायकोला बोटीतून पोचवायचं. सगळं नाटकभर त्याला लोक प्रामाणिक म्हणतात, तो शब्द नाटकात ५० च्या वर वेळा येतो, आणि त्यातला बराचसा याच्याच वाट्याला. पण नीट ऐका, त्याला उठसूट प्रामाणिक म्हणतात, हुशार क्वचितच कोणी म्हणतं. आपला विश्वासू गडी. आम्ही त्याला चांगला म्हणतो आणि वरच्या जागेला दुसऱ्याला घेतो. हा डंख जागेच्या डंखापेक्षा खोल आहे आणि जागा मिळाल्यानं तो जात नाही. तो फक्त सगळ्यांपेक्षा आपण वरचढ आहोत हे रोज, दर तासाला स्वतःला दाखवून थोडा वेळ शांत होतो. मग परत दाखवावं लागतं.

आणि कटकारस्थानी म्हणून आपण जो बुद्धिबळपटू डोळ्यासमोर आणतो तसा तो नाहीच. प्लॅन आहे पण अजून गोंधळ आहे असं तो स्वतः म्हणतो. रुमाल त्याच्या हातात नशिबानं येतो, डेस्डिमोनाच्या हातून पडतो, इयागोची बायको एमिलिया उचलते, कारण नवरा कितीदा मागत होता, तेवढ्यानं तरी खूश होईल. (एमिलियावर वेगळी पोस्ट लिहायला पाहिजे, त्या नाटकातली सगळ्यात जिवंत बाई ती.) हा येईल तो चेंडू खेळतो.

त्याची पद्धत तर आपल्या गल्लीत रोज बघायला मिळते. काडी करणारा माणूस काही सांगत नाही, तो सांगायचं थांबतो. कॅसिओ डेस्डिमोनापासून लांब जाताना दिसतो तेव्हा इयागो एवढंच पुटपुटतो की हे मला आवडलं नाही. काय म्हणालास? काही नाही साहेब. मग विचारतो, लग्नाआधी कॅसिओला तुमचं माहीत होतं का? का विचारतोस? काही नाही, असंच. ऑथेल्लो हट्टाला पेटून एकेक शब्द त्याच्या तोंडातून ओढून काढतो आणि ओढून काढलेली गोष्ट माणसाला खरी वाटतेच. वर मत्सरापासून सावध राहा हा सल्लाही इयागोच देतो. आणि शेवटचा खिळा खऱ्या गोष्टीचा ठोकतो, तिनं तुमच्यासाठी बापाला फसवलं होतं ना. ते खरंच होतं. चांगला काडीवाला खोटं कमी बोलतो.

आता सांगलीकर म्हणून एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. ऑथेल्लोचं मराठी रूप, झुंझारराव, १८९० चं, हे आपल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं. आणि तीनच वर्षांनी त्याच देवलांनी फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा लिहिलं, जे १९१६ साली पदं घालून संगीत संशयकल्लोळ झालं. दोन्ही नाटकं परक्या भाषेतून आली, एक शेक्सपियरवरून, दुसरं मर्फीच्या इंग्रजी कॉमेडीवरून, हे मान्य. पण उचलणारा माणूस एकच, आणि विषयही एकच, नवराबायकोतला संशय. आणि गंमत बघा, दोन्हीकडं एक वस्तू खाली पडते आणि बाई ती उचलते. तिकडं रुमाल. इकडं रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर, ती फाल्गुनरावाची बायको कृत्तिका उचलते आणि फाल्गुनरावाच्या डोक्यात भडका.

फाल्गुनरावाला इयागोची गरज पडत नाही. तो स्वतःच स्वतःचा इयागो आहे, आणि कृत्तिका काही कमी नाही. संशयाचा माल माणसाच्या घरातच असतो, बाहेरून आणावा लागत नाही, हे देवलांना पक्कं माहीत होतं. मग एका नाटकात आपण पोट धरून हसतो आणि दुसऱ्यात ती बाई मरते, हे कसं? मला वाटतं फरक एवढाच की रुमाल इयागोनं नेऊन कॅसिओच्या खोलीत टाकला, तशी तसबीर पुढं नेऊन तिसऱ्याच्या खोलीत टाकणारा इथं कुणी नाही. त्यामुळं ती माणसं एकमेकांवर ओरडतात, भांडतात, समोरासमोर येतात आणि एकदा समोरासमोर आली की घोटाळा सुटतो. ऑथेल्लोत इयागोचं खरं काम संशय घालणं नव्हेच, ऑथेल्लो आणि कॅसिओ एकमेकांशी बोलणार नाहीत याची व्यवस्था बघणं हे आहे. कॅसिओला सल्ला देतो, बाईसाहेबांकडून शब्द टाक. साहेबांना म्हणतो बघा बाईसाहेब त्याच्यासाठी किती रदबदली करतात. शेवटच्या प्रवेशात कॅसिओ जखमी होऊन समोर येतो आणि म्हणतो, सेनापती, मी तुम्हाला कधीच कारण दिलं नाही, आणि एमिलियानं रुमालाचं सांगून टाकलेलं असतंच, उरलेला उलगडा काही मिनिटांत होतो. तेवढं बोलणं दोन अंक आधी झालं असतं तर नाटकच उरलं नसतं. म्हणून गोष्ट व्हेनिसहून सायप्रस बेटावर जाते. व्हेनिसमध्ये दहा लोक होते, सासरा होता, कोर्ट होतं, तिथं सासऱ्यानं लग्नावरून तक्रार केली तेव्हा डेस्डिमोनाला बोलावून विचारलं आणि पाच मिनिटांत निकाल लागला. बेटावर विचारायला कोण?

कास्टिंगचं पण सांगून टाकतो. आपल्याकडं असल्या रोलला एक भुवई वर करणारा, घोगऱ्या आवाजाचा नट घेतात. मग प्रेक्षक म्हणतात हा ऑथेल्लो गाढव आहे का, एवढं दिसत नाही? इयागो असा पाहिजे की ज्याच्याकडं तुम्ही घराची किल्ली ठेवून गावाला जाल. प्रेक्षकांशी तो थेट बोलतो, विनोद करतो, डेस्डिमोनाच्या मागं लागलेल्या रॉड्रिगोला पैशाची थैली भर थैली भर म्हणत लुटतो, आणि आपण हसतो, म्हणजे निम्म्या कटात आपण पण आलो. आमचा पोरगा दिसायला गरीब आहे, आवाज गोड आहे, म्हणूनच त्याला घेतलाय, त्याला वाटतं दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून.

आणि शेवटचं वाक्य. ऑथेल्लो विचारतो, यानं माझा जीव आणि देह असा का अडकवला? पोरगा जे मला विचारतोय तेच. इयागो म्हणतो, मला काही विचारू नका, जे तुम्हाला माहीत आहे ते माहीत आहे, इथून पुढं मी एक शब्द बोलणार नाही. नाटकात सगळ्यात जास्त ओळी बोलणारा माणूस हा! त्याला छळ करून बोलवायची तयारी चालू असते आणि नाटक संपतं. काही जण म्हणतात हा त्याचा शेवटचा डाव, उत्तर हातात ठेवून मरायचं. मला उलट वाटतं, उत्तर द्यायचं तर त्याला म्हणावं लागेल की मला मजा येत होती आणि तुम्ही मला हुशार असं फारसं म्हटलं नाही, आणि समोर बिछान्यावर मेलेली माणसं असताना हे इतकं बारकं कारण तोंडातून निघेल कसं. पोरानं ती ओळ छाती पुढं काढून म्हणायची नाही. लाज वाटणाऱ्यासारखी म्हणायची.

देवलांनी ही ओळ झुंझाररावात कशी बसवली आहे ते मला बघायचंय, पण प्रत मिळेना. कुणाच्या घरी माळ्यावर जुनी प्रत असेल तर इनबॉक्स करा, झेरॉक्स काढून दुसऱ्या दिवशी आणून देतो, मिरज, सांगली, तासगाव, कुठंही. सातारकरांनीही बघा, तुमच्या गावाच्या नावानं शाहूनगरवासी नाटक मंडळी गाजली, तुमच्याकडं असलं काहीतरी निघेलच.